वज्रपंखाची काठी

वहिनी,

दूध तापवून ठेवले आहे. बाबांना घेऊन मी कॉमिक्सच्या दुकानात जात आहे.

काल तिथे सगळे तुम्ही काढलेल्या नव्या वज्रपंखाची टर उडवत होते. "पंख छाटून हातात काठी? हा आता जगाला वाचवणार, की पेन्शन आणायला जाणार?" मीही हसलो. वळून पाहिले तर दारात तुम्ही, माझा विसरलेला डबा घेऊन. तेव्हा "या माझ्या वहिनी" एवढेही मला म्हणवले नाही.

घरी अंक नीट पाहिला. त्या काठीच्या मुठीला बाबांच्या काठीचीच निळी सुतळी आहे, गाठसुद्धा तीच. तुमच्यासमोर मान वर करवत नाही.

ते चित्र कुणाचे आणि काठी कुणाची, हे आज सर्वांसमोर सांगेन. बाबांनी एवढेच विचारले, "दुकानाला जिना आहे का रे? असला तर उडूनच जाऊ."

तुमचा दीर