दह्यामागची बाटली

गुरुवार, सांजचं

"व्हय गं बाई, बाटली हाय, दह्याच्या मागंच हाय!" लेक सुमा दारात आली की पयली चौकशी बाटलीची. आईची न्हाय.

लॅबचा फ्रीज बिघडला म्हणून तिनं ती हितं कंग्राळीत माझ्या फ्रीजमधी ठेवलती. बोटाच्या पेराएवढी बाटली, आत अँटिबॉडी. पेशीत घड्याघड्यांची एक जाळी असतीया, हे फकस्त तिलाच चिकटतंय, मग ती जाळी दिसतीया म्हणं.

"दुसऱ्या कशालाच चिकटत न्हाय?"

"न्हाय गं आई."

"तुझा बाप बी असाच. रेडिओला!"

लई हसली. लाईट गेली की फोन कर म्हणलीती. ह्या आठवड्यात तीनदा केला, तिन्ही येळा बर्फ घिऊन पळत आली. "आत्ताच आली बघ लाईट," म्हणलं मी. जेवून गेली.

आज जेवली न्हाय. "तीनदा गरम झालं आई, आता ह्याचा भरवसा न्हाय. टाकून देते. नवी येस्तवर माझं काम बंद." बाटली घिऊन खडेबाजारातल्या रूमवर गेली. दह्यामागं आता मोकळंच हाय. परत कशाला येईल ती?

लिवतेच आता. लाईट एकदाबी गेली न्हवती.