दाराच्या तळाची भोकं

बाबा, आज दुकानात एक जुनी पिकअप आली. आपली होती त्याच बनावटीची, रंग तेवढा वेगळा. मालक म्हणाला, दोन्ही दारांची आतली पॅडं नवीन करून द्या, पुठ्ठा फुगलाय आणि वरचं रेक्झिन सोललंय. मी जुनी पॅडं उचकटून काढली आणि सवयीनं एक तार घेऊन दाराच्या तळाची भोकं मोकळी करायला बसले. तो विचारतो, "मावशी, हे कशाला?" मी सांगितलं, काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी इथून बाहेर पडतं, ही बुजली की पाणी आत साचतं आणि कितीही चांगलं पॅड लावलं तरी कुजतं. पस्तीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला हे सांगते आहे. तुम्हाला मात्र सांगितलं नाही. मालक गाडी ठेवून बाजारात गेला आणि मी शटर अर्धं ओढून हे लिहायला बसले. हातातलं काम तसंच पडलंय, रत्नागिरीच्या भर बाजारात भर दुपारी, तुम्ही असता तर ओरडला असतात.

काकाची होडी परत आली नाही त्या वर्षी आईनं तुमच्यासमोर ताट ठेवलं आणि सांगितलं, "तुमी पुन्ना होडीत पाय ठेवलात तर मी या घरात पानी पिनार नाय." तुम्ही जेवलात, हात धुतलात आणि महिन्याभरात होडी विकून ती पिकअप आणलीत. साल पंच्याऐंशीच्या आसपासचं असावं. जन्मभर होडीचा म्होरक्या राहिलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या तांडेलानं गाडी शिकावी याची आपल्या बुरोंडी गावाला केवढी मजा वाटली होती. लोक म्हणायचे, तांडेल आता रस्त्यावर जाळं टाकणार. तुम्ही हसण्यावारी न्यायचात. पण चढाला लागण्याआधी तुम्ही एकदा आभाळाकडे बघून घ्यायचात, ते मी शेजारी बसून पाहिलंय, आणि मला हसूही यायचं, वाईटही वाटायचं.

आपल्या घरात सगळं त्या गाडीवर येऊन ठेपलं होतं. गाडी चालली तर तुम्ही जमिनीवर, नाही चालली तर पुन्हा कुणाच्या तरी होडीवर. आई रोज संध्याकाळी गाडीलाच उदबत्ती ओवाळायची. मग तो ठेकेदार आला, पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीतल्या खानावळीला मासे पुरवणारा. त्याला रोजची गाडी हवी होती आणि तो स्वतः पुढं बसून जाणार होता. त्यानं दार उघडलं, आतला फाटका पुठ्ठा पाहिला, मुरलेला बांगड्याचा वास घेतला आणि नाकाला रुमाल लावला. "तांडेल," तो म्हणाला, "गाडी आतून जरा माणसात आणा. दिवाळीनंतर येतो मी. पसंत पडली तर वर्षभराचं काम तुमचं." त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "काय गो, तुझ्या मशीनवर होईल ना ह्ये?" मी बावीस वर्षांची होते, निम्म्या गावाची झंपरं शिवत होते. मी म्हटलं, होईल की.

आणि पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. जुनं पॅड रेक्झिनवर ठेवून दोन तुकडे कापले, दोन्ही एकाच दाराचे. डाव्या दाराचं पॅड उजव्याला उलटं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चोळीच्या बाह्या रोज उलटसुलट कापणाऱ्या बाईला हे सुचू नये म्हणजे कमाल झाली, पण झालं खरं. पडवीत चारजण चहा पीत बसले होते. तुम्ही तो तुकडा उचलून त्यांना दाखवलात. "बगा, हिच्या हातात शिवान नाय, नुसती कातर हाय. म्हनून तर अजून घरात बसलीय." कुणीतरी म्हणालं, करायला गेली गणपती नि झाला मारुती, आणि सगळे हसले. तुम्हीही हसलात. गणपती-मारुतीचं मला काही वाटलं नाही. पण त्या वर्षी दोन स्थळं मला बघून परत गेली होती, बाबा, आणि ते तुम्हाला माहीत होतं. आई आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबलेला मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं दापोलीला गेले, नवं रेक्झिन आणायला. तिथले कुशनवाले चाचा भले माणूस. रेक्झिन मशीनच्या सुईजवळच्या पायाखाली चिकटतं, तेव्हा त्या पायाला खोबरेल लाव, हे त्यांनीच शिकवलं. पत्र्यावर आधी प्लास्टिकचा कागद लावायचा आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडायची, तेही त्यांनीच दाखवलं. मी निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "बेटी, दाराखालची भोकं उघडी राहू देत हां. तुमच्याकडची माणसं भोक दिसलं की बुजवतात." मी हसून मान हलवली.

आणि सकाळी उठून बघते तर तुम्ही अंगणात गोणपाटावर उताणे. एका हातात कापूस, दुसऱ्या हातात लाकडी ठोकणं, शेजारी राळ नि तेलाची वाटी. फळ्यांचे सांधे भरावेत तसे तुम्ही दारांची भोकं एकेक करून भरत होता, मन लावून. आयुष्यभर तळाच्या भोकाची भीती बाळगलेला माणूस, दुसरं काय करणार? मला बघून म्हणालात, "बग, आता थेंब शिरायचा नाय." मी तिथं उभी होते. चाचांचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. आणि पडवीतलं हसूही कानात होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि आत जाऊन मशीनवर बसले.

पॅडं मात्र मी जीव ओतून शिवली. तपकिरी रेक्झिन, आत पातळ फोम, मधोमध दोन सरळ टिपा. क्लिपा ठोकून, काचेचं हँडल परत बसवून तुम्ही दार लावलंत तेव्हा सगळी वाडी अंगणात बघायला आली होती. तुम्ही दोन-तीनदा उगाच दार उघडलंत नि लावलंत. मग रोजचं सुरू झालं. बंदरावरून मासे दापोलीच्या बाजारात टाकायचे, आणि वास राहू नये म्हणून घरी आल्यावर गाडी बादल्यांनी धुवायची, आतून, बाहेरून, काचांवरून. पंधरा दिवसांत दार उघडताना आत पाणी हेलकावे घेताना ऐकू येऊ लागलं. तुम्ही म्हणायचात, मागच्या हौद्यातल्या बर्फाचं पाणी असेल. मी अंगणात उभी राहून ऐकायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर म्हणतील, इतके दिवस काय झोपली होतीस? एकेक दिवस असा गेला आणि सांगणं आणखी अवघड होत गेलं.

ठेकेदार दिवाळीनंतर आला, पांढरीशुभ्र पँट घालून. आत वाकून बघितलं, पॅडवरून हात फिरवला आणि म्हणाला, "वा." आई दारातून बघत होती, पडवीतून नेहमीची चार माणसंही. तो पुढच्या सीटवर बसला आणि त्यानं दार जोरात ओढून घेतलं. पॅडची खालची बाजू एव्हाना भिजल्या पापडासारखी झाली होती. क्लिपा निसटल्या, पॅड त्याच्या गुडघ्यावर आलं आणि मागोमाग आतलं काळं, कुजकं पाणी भसकन त्याच्या मांडीवर. तो खाली उतरला, रुमालानं पँट पुसली. माझ्याकडे एकदा बघितलं, हे हिनंच शिवलं ना, अशा नजरेनं. तेव्हा तुम्ही मध्ये आलात. "पोरीची चूक नाय," तुम्ही म्हणालात, "तिचं काम चोख हाय. भोकं मी बुजवली. माझी अक्कल होडीतली." तो "बघू पुढं" म्हणून गेला, तो परत आला नाही.

शिमग्याच्या आधी पिकअप विकली आणि तुम्ही दुसऱ्याच्या होडीवर गेलात, तेही तांडेल म्हणून नाही, खलाशी म्हणून, तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली. आईनं पाणी सोडलं नाही, बोलणं सोडलं. तिसऱ्या वर्षी भिजून आलात ते छाती भरूनच. इथं रत्नागिरीला इस्पितळात आणलं, आठ दिवस खाटेवर होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तुम्ही धापा टाकत सांगत होता, ही माझी मुलगी, गाड्यांची पॅडं शिवते, जिल्ह्यात असं काम कुणाला जमायचं नाय. तोवर मी तुमची दोनच पॅडं शिवली होती. तुम्ही गेल्यावर मी हाच धंदा धरला, लोकांना वाटतं बापाचं स्वप्न पुरं केलं. मी कुणाचं खोडून काढत नाही.

आई अजून आहे. माझ्याकडेच असते, ऐकू कमी येतं. तिला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, ऐंशी उलटलेल्या बाईला आता कशाला? हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही मला माहीत नाही. दुकानातल्या रेक्झिनच्या तुकड्यांखाली राहील, कधीतरी कचऱ्यात जाईल.

मी रागात गप्प बसले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. पाणी ठेकेदाराच्या मांडीवर पडलं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं, चार माणसांसमोर तुमचा चेहरा उतरलेला बघितला. तुम्ही माझी बाजू घ्यायला तोंड उघडायच्या आधीचा तो एवढासा क्षण. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, बाबा.