सातव्या दिवसाची धुरी

लखनऊ छावनी,
मंगळवार

प्रिय आई,

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहितेय. या पानांचे फोटो सुधीरदादाला पाठवते, तो तुला वाचून दाखवेल. बाळ अजून हॉस्पिटलातच आहे. त्याच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ सुरुची’ एवढंच लिहिलंय. बारसं राहिलं ते राहिलंच. तू आणलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या माझ्या पर्समध्ये आहेत. दोन्ही हातांना सुया, घालणार कुठे?

काल डॉक्टरांनी मला आणि धनंजयला समोर बसवून एका फॉर्मच्या मागे हृदय काढून दाखवलं. “चार कमरों का मकान समझिए,” म्हणाले. आपल्या बाळाची डावीकडची खालची खोली, जी सगळ्या अंगाला रक्त पाठवते, ती कोनाड्याएवढीच झाली आहे. हे पोटातच झालं, दुसऱ्या महिन्यात, मला उलट्यांनी काही सुचत नव्हतं तेव्हा. मी विचारलं, मग सहा दिवस तो इतकं छान दूध कसा प्यायला? तर म्हणे, पोटातल्या बाळाला असते ती एक छोटी नळी जन्मानंतर थोडे दिवस उघडी राहते. तिच्यातून उजवी बाजूच दोघींचं काम ओढत होती. सातव्या दिवशी ती मिटायला लागली.

सातवा दिवस तुला काय सांगू? तू त्याला पायांवर घेऊन तेल लावलंस, न्हाऊ घातलंस, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिलीस, आणि त्याचे ओठ निळे पडले. तुला वाटलं गारठलाय, म्हणून आणखी थोडी दिलीस. आयसीयूच्या दारात सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले, “तुझ्या धुरीनं मारलं त्याला.” दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डिंकाचे लाडू डब्यात भरून ठेवून साताऱ्याला निघून गेलीस. काल मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. धुराचा काही संबंध नव्हता, आई. तू हात लावला नसतास तरी ते व्हायचंच होतं. मी फार वाईट बोलले. मला माफ कर.

आता औषधाच्या सलाइनवर ती नळी उघडी ठेवली आहे. पण त्या दिवशी मेंदूला आणि मूत्रपिंडांना जे व्हायचं ते होऊन गेलं, ऑपरेशन त्याला झेपणार नाही. शुक्रवारी सलाइन काढून आम्ही त्याला घरी आणतोय. काही तास मिळतील, फार तर एखादा दिवस. धुक्यानं गाड्या रखडताहेत, पुण्याहून विमानानं ये. मला त्याला पायांवर घेता येत नाही गं. तू त्याला एकदा न्हाऊ घाल, मनगट्या घाल, कानात नाव सांग, तुला सुचेल ते. आणि धुरीही दे. आता तिनं त्याचं काही बिघडणार नाही. शेगडी बाल्कनीत तशीच आहे. ओवा तेवढा संपलाय, येताना घेऊन ये.

तुझीच,
सुरुची