चांदरी म्हशीच्या व्यवस्थेबाबत

मी, हिलाल आनंदा महाले, वय ६३, राहणार भेस्तान, सुरत, मूळचा अमळनेर तालुक्यातला. छातीत पाणी झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नसताना हे लिहवून ठेवतो.

१. राहती खोली पत्नी धुरपदाबाईची. ती आहे तोवर मुलगा गोपाल याने विकू नये.

२. सायकल गोपालला, पितळी भांडी मुलगी रंजनाला.

३. चांदरी म्हैस. हिच्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे.

मी चोवीस वर्षे एका तबेल्यात होतो. शेठचे नाव लिहीत नाही. आम्हा गड्यांना खोलीत अंडे उकडायलाही बंदी होती, जीवहत्या चालत नसे. पण म्हशीला नर झाला की शेठ सांगत, "हिलाल, पाडाने दूध नथी आपवानुं." रेडकाला दूध द्यायचे नाही. दावे मीच आखडायचो. थोड्या दिवसांत ते मरायचे.

चांदरी त्याच तबेल्यातली. तिचे रेडकू नऊ दिवस जगले. मग ती पान्हा सोडेना, म्हणून त्याच्या कातड्यात भुसा भरून मी ते तिच्यापुढे उभे केले. ती चाटत राहिली, मी दूध काढत राहिलो. नोकरी गेली असती, घरी दोन लेकरे होती. हे कारण सांगतो आहे, माफी मागत नाही.

पुढे ती भाकड झाली. तिला न्यायला कसायाचा दलाल आला, तेव्हा शेठच्या पाया पडून मी तिला घरी आणले.

मी मटण खात आलो, साधू नाही. पण तेव्हापासून दूध घशाखाली उतरत नाही. धुरपदा म्हणते, पितरांना खीर लागतेच. माझ्या नावाने ठेवू नये.

४. चांदरीला विकू नये. वकीलसाहेब म्हणाले, "अट घाला, काका. पण मोडली तर दावा कोण लावणार?" गोपाल सचिन गावातल्या कारखान्यात बारा-बारा तास उभा असतो. तो म्हणाला, "आबा, भाकड म्हैसले चारा कथाईन आनू?" चारा कुठून आणायचा, हे त्याचेही खोटे नाही. रंजना दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. पांजरापोळात दोनदा जाऊन आलो, जागा नाही म्हणाले. म्हैस कायद्याने मालमत्ता आहे, कोणाच्या तरी नावे करावीच लागते. म्हणून गोपालच्या नावे करतो.

वरील मजकूर वाचून दाखवल्यावर गोपाल "हो" म्हणाला. माझ्याकडे न पाहता म्हणाला. तेही इथे लिहायला लावले आहे.

लिहून देणार: हिलाल आनंदा महाले (सही)
साक्षीदार: भिकन दगा सैंदाणे, शेजारी (सही)
सुंदराबाई भिकन सैंदाणे (अंगठा)
भेस्तान, सुरत. ता. ११ फेब्रुवारी १९९७