चौथा पंप

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, आईला सांगा. तुमचा गुडघा आता कसा आहे?

जलशुद्धीकरण केंद्राचं काम जोरात चाललंय. या कंत्राटात आराखडे, सामानाची खरेदी आणि कर्जाची सोय, सगळं आमच्याच कंपनीकडे आहे. त्यामुळे कर्ज जमवणाऱ्या गृहस्थांचा भाव भलताच वधारलाय. साहेबांशेजारची खुर्ची त्यांना, भाषणात कौतुकही त्यांचंच. दोन वर्षं आराखड्यांवर डोळे मी फोडले. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट होतो.

परवा बँकेची माणसं आली. गृहस्थांच्या कागदात चाराऐवजी तीनच पंप लिहिलेले होते. मी गप्प बसले. म्हटलं, आपटू दे एकदा तोंडावर.

बँकेच्या बाईंनी विचारलंच, "तीन पंपांवर भागेल?"

गृहस्थ सरळ माझ्याकडे वळले. "मॅडमना विचारा. मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्या भरवशावरच तर मी तुमच्याकडे कर्ज मागतोय."

मग मी उठले. एक पंप बंद पडला तरी गावाचं पाणी तुटू नये म्हणून चौथा हवा, हे समजावलं. बाईंनी कागद दुरुस्त करून घेतला.

बाहेर आल्यावर गृहस्थ म्हणाले, "वाचवलंत!"

बाबा, ती चूक मला आदल्या दिवशीच दिसली होती. त्यांना हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. आईला एवढ्यात सांगू नका. आणि खरं सांगू? आता तर त्यांच्या मोकळेपणाचाही हेवा वाटतो.

तुमचीच,
हट्टी लेक