चौथ्या शेडमध्ये मेले त्याची हकिगत

मुक्काम आपलंच गाव,
तालुका खालापूर (स्टेशन कर्जतचं जवळ, पण दाखला आणायला जायचं खालापूरला, हे तुला नव्याने सांगायला नको)
सोमवार, सकाळ

होऊ घातलेल्या पोलीस शिपाई कुमारी वनिता यांस,

आपल्या भावी हुद्द्याला शोभेल असा कडक नमस्कार. तुला आता ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, यात दोन कागद फुकट गेले. ‘तुम्ही’ लिहिलं की माझी चप्पल कालव्यात भिरकावणारी मुलगी डोळ्यांपुढे येते, आणि ‘तू’ लिहिलं की वर्दी. शेवटी वर्दी अजून शिंप्याकडेच असेल असं धरून चालले आहे. तब्येत कशी आहे? डाव्या पायाची नडगी अजून ठणकते का? मेसमध्ये भाकरी मिळते, की चपातीवरच भागवतेस? पत्र बघून हसशील. पण तुमच्या प्रशिक्षण केंद्रात फोन हातात मिळतो रविवारी दुपारी बाराला, तोही पंधरा मिनिटं, आणि ती पंधरा मिनिटं तुझी आई कुठली कोंबडी कुठे अंडं घालून आली हे सांगण्यात संपवते. (मला कसं माहीत? दर रविवारी बाराच्या सुमाराला मी तुमची वाटी परत करायला येते. आता आमच्याकडे तुमची एकही वाटी उरली नाही, म्हणून मागच्या दोन रविवारी आमच्याच नेऊन दिल्या.)

इकडे आई, बाबा आणि म्हैस यांची प्रकृती उत्तम. माझीही ठीक आहे. अजून पाचला उठते आणि कालव्याच्या रस्त्याने धावते. भरतीच्या गोळाफेकीत नापास झालेल्या मुलीने आता धावायचं कशाला, असं आई विचारते. स्टॉपवॉच माझ्याच हातात असतं, वेळही मीच मोठ्याने सांगते, आणि ‘अजून चार सेकंद कमी कर गं’ हेही मीच म्हणते. वीटभट्टीवरची कुत्री आपल्या दोघींवर किती भुंकायची! एकटीवर भुंकत नाहीत. मान वर करून बघतात आणि पुन्हा झोपतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून लोक माझ्याकडे मान देऊन येतात, फॉर्म भरून घेतात, आणि फॉर्म भरून झाला की उठतात. चहा टाकते म्हटलं तरी थांबत नाहीत. शिकलेल्या माणसाचा वेळ घेऊ नये म्हणतात. माझ्याकडे दुसरं काय आहे?

तर मुद्दा. आपल्या गावाखालची बंद पडलेली पोल्ट्री आठवते ना, सहा शेडची, जिथून आपण फुटकी अंडी आणायचो? तिथे आता युद्ध होतं. घाबरू नकोस. एअरसॉफ्ट म्हणून एक खेळ आहे. अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका, त्यांतून वाटाण्याहून लहान प्लास्टिकचे छर्रे सुटतात, डोळ्यांना चष्मा, तोंडाला जाळी, आणि लाल फौज विरुद्ध पिवळी फौज. या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून एकशे बारा माणसं आली होती. (आपापल्या गाडीत. चौकापासून रांग लागली होती.) बँकेतली, कंपनीतली, एक तर दाताची डॉक्टर. बाबांनी कुंपणाबाहेरून तासभर बघितलं आणि म्हणाले, “इतक्या लांबून येऊन एकमेकांना मारतात. घरी भावकी नाय काय यांना?”

संयोजकांना नावनोंदणीला एक शिकलेली मुलगी हवी होती. गावात शिकलेली आणि रिकामी अशी मीच. मंडप घालणाऱ्या आणि जेवण करणाऱ्या आपल्या माणसांना कळावेत म्हणून खेळाचे नियम मराठीत करून फाटकावर फ्लेक्स लावायचं कामही माझ्याकडे आलं, आणि तिथेच माझा घात झाला. वने, या खेळात पंच काही करू शकत नाही, कारण कोणाला छर्रा लागला हे दुसऱ्याला दिसतच नाही. ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करायचा, ‘लागलं’ म्हणून ओरडायचं, डोक्यावर लाल फडकं टाकायचं आणि मेलेल्यासारखं बसायचं. इतका मोठा खेळ निव्वळ माणसाच्या खरेपणावर उभा! मला भरून आलं. मेलेल्याने हलू नये, बोलू नये. आपल्या फौजेच्या वैद्याचा हात खांद्याला लागला की तो जिवंत. मुळात पुढे एक वाक्य होतं, की दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर आपणहून उठून तळावर जावं आणि तिथे जिवंत व्हावं. ते मी गाळलं. एक तर फ्लेक्सवर जागा नव्हती, आणि दुसरं म्हणजे मरणाला मुदत म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी लाल फौजेतला एकजण वडापाव आणायला जाताना बांधावरून घसरला आणि पाय मुरगळून बसला. एक माणूस कमी पडला. मी हात वर केला. (का केला? भरतीच्या मैदानावर माझा नंबर पुकारला तेव्हा पाय थरथरले होते. ते तसे नेहमीच थरथरतात का, एवढं बघायचं होतं.) आमचे सेनापती ऋषिकेश, पुण्याला बँकेत असतात, त्यांनी मला चौथी शेड दिली आणि जा म्हणाले. दाताची डॉक्टर रिया ही आमची वैद्य. तिने माझा चष्मा घट्ट केला आणि म्हणाली, “घाबरू नकोस, मी आहे ना.” हे वाक्य मला कोणी म्हणून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे मी जरा जास्तच निर्धास्त झाले.

पाय थरथरले नाहीत. लिहून ठेव. चौथ्या शेडच्या दाराआड उभी राहिले, आत अजून पिसं उडतात आणि तो वास तसाच आहे. चार मिनिटांत पिवळ्या फौजेचा साईराज नावाचा उंच मुलगा माझ्याकडे पाठ करून आला. नेम धरला, मारला, त्याच्या पाठीवर टक् असा आवाज झाला. मी स्वतः ऐकला. मग मी बंदूक खाली केली आणि तो हात कधी वर करतो याची वाट बघत उभी राहिले. तो वळला आणि त्याने माझ्या पोटात तीन छर्रे घातले. मी ताबडतोब हात वर केला, ‘लागलं’ म्हणून ओरडले (इतक्या जोरात, की पलीकडच्या शेडमधले दोघे उगाच मेले) आणि लाल फडकं टाकून बसले. तेव्हा साडेदहा वाजले होते.

उठले तेव्हा दीड.

दहा मिनिटांचं ते गाळलेलं वाक्य मला आठवत होतं, खोटं कशाला बोलू? पण फाटकावर माझ्या शब्दांतला नियम टांगलेला, आपली आठ माणसं तो वाचून कामाला लागलेली, आणि लिहिणारीनेच तो मोडायचा? बसले. आमच्याच फौजेचे लोक दोनदा समोरून पळत गेले. एकाने थांबून बघितलं, ‘मेलीय’ म्हणाला आणि गेला. बारा वाजले तेव्हा तुझ्या फोनची वेळ झाली होती. तुमच्या दारात मी नव्हते, आणि त्याने काही अडलं असेल असंही नाही. साडेबाराला भोंगा झाला तो मी खोपोलीच्या कारखान्याचा समजले. (खेळ संपल्याचा होता.) त्यानंतर इतकं शांत झालं, की मला वाटलं आता फारच मोठी चाल चालू असणार.

मग आली वाडीवरची हिरूबाई, डोक्यावर मोळी घेऊन. माझ्या मंगळवार-शुक्रवारच्या साक्षरता वर्गात येणाऱ्या तिघींपैकी एक. मला बघून थांबली. “काय गं मास्तरीण, कुनी बसवली तुला?” मी गप्प. “शाळंत मला बोलू देत नाय, आज तुजीच बोलती बंद व्हय?” मी गप्प. तिने मोळी उतरवली, समोर बसली, ओच्यातली बोरं काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि बोलत राहिली. नेरळकडे दिलेल्या लेकीबद्दल, जी दिवाळीलासुद्धा आली नाही. वर्गातल्या अक्षरांबद्दल, ज्यांतला ‘ह’ तिला तिच्या गुडघ्यासारखा वाटतो. माझ्याजवळ इतकं सरळ बसून कोणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं, आणि नेमकं तेव्हा मला मेल्यामुळे बोलता येत नव्हतं. शेवटी तिने पुढे वाकून माझ्या कपाळाला हात लावला. “ताप तर नाय,” म्हणाली.

आता पेच बघ. खांद्याला नव्हे, कपाळाला हात. तिच्या दंडावर लाल पट्टी नाही. म्हणजे ती माझ्या फौजेची नाही. पण मीच वर्गात सांगते की आपण सगळ्या एक, आणि आता हिरूबाई माझ्यातली नाही असं कोणत्या तोंडाने म्हणू? हा विचार नीट पूर्ण व्हायच्या आत ती म्हणाली, “तिकडं समदी जेवून हात धुवाया लागली. तुजा आज उपास हाय काय?” मेलेलीचं तोंड उघडलं, “जेवून?” एवढंच आलं. तिने मला दंडाला धरून उभं केलं, मंडपापर्यंत सोडलं, आणि बस म्हटलं तरी न बसता मोळी आणायला परत गेली.

जेवणानंतर ही मंडळी गोल करून बसतात आणि ज्याचं त्याचं युद्ध सांगतात. ऋषिकेश सरांनी चाल कशी रचली ते सांगितलं. रिया म्हणाली की आज आपला एकही माणूस मागे राहिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. साईराज म्हणाला, मला दिवसभरात एकसुद्धा लागलं नाही. डोंबिवलीचे एक चाळिशीचे गृहस्थ म्हणाले की आठवडाभर मी घरी टीव्हीशी बोलतो, इथे निदान कोणीतरी माझ्यावर नेम धरतं. त्यावर सगळे हसले, ते मात्र हसले नाहीत. माझी पाळी आली तेव्हा जे झालं ते सांगितलं. इतके हसले म्हणून सांगू! रियाचा चेहरा उतरला, तिने येऊन मला मिठी मारली, आणि ‘सर्वात प्रामाणिक मृत’ असं प्रमाणपत्र तिथल्या तिथे लिहून मला देण्यात आलं. (चौकट करून लावावं का? पदवीच्या शेजारी जागा आहे.)

मग नळावर साईराज आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “ताई, तुमचं लागलं होतं. पाठीत. आधी.”

“मग?”

“मग काय. कोणी बघितलं नव्हतं ना.”

चारित्र्यावरचं माझं भाषण तयार होतं. सोळा मिनिटांचं, तू ऐकलेलं आहेस. पण हिरूबाईचा हात अजून कपाळावर जाणवत होता. तू गेलीस त्या सकाळी नाक्यावर टमटम उभी होती, सगळी आळी पोचवायला आली होती, आणि मी गोधडी डोक्यावरून घेऊन पडले होते. तू चपला न काढता आत आलीस, कपाळावर हात ठेवलास, थोडा वेळ तसाच ठेवलास, आणि ‘पाणी पीत जा’ म्हणून निघून गेलीस. तुला तेव्हाच कळलं होतं. मला ताप नव्हता, वने. निवडयादीत तुझं नाव मीच आधी बघितलं, कारण मी माझं शोधत होते. एवढंच झालं होतं. तेवढ्यासाठी तुला पोचवायला उठले नाही, आणि साडेपाच महिने कोणाला सांगितलं नाही. साईराजला निदान अर्ध्या दिवसात सांगावंसं वाटलं. मी त्याला फक्त “जेवलास का” असं विचारलं.

संध्याकाळी सगळ्या गाड्या गेल्या. जाताना रियाने मला त्यांच्या फोनवरच्या गटात घातलं. सकाळपासून फोटो येत आहेत. एकात मागे चौथ्या शेडच्या दारात लाल फडकं घेतलेली मी आहे. खाली कोणीतरी विचारलं आहे, ‘हे कोण?’ अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. मीच द्यावं का, विचार करते आहे.

नडगीला तेल लाव. वरिष्ठांशी वाद घालू नकोस, ते काम माझं.

तुझी, अजून कुठल्याच यादीत नसलेली,
सुरभी

ता. क. मी खेळले हे आईला माहीत नाही. पोटावरचे तीन काळेनिळे डाग तिने बघितले तेव्हा म्हशीने ढुशी दिली असं सांगितलं. म्हशीला कालपासून पेंड कमी मिळते आहे, त्याचं वाईट वाटतं.

ता. क. २. वर खरेपणाबद्दल जे काही लिहिलं आहे ते पुढचं वाचण्याआधी विसरून जा. तुमच्या दीक्षांत संचलनाला प्रत्येकीच्या घरच्या तिघांना पास मिळतो असं कळलं. आई, बाबा, आणि तिसरा तुझा मामा, असं तुमच्याकडे ठरलं होतं. काल संध्याकाळी मी तुझ्या आईला सांगून बसले की वनितानेच पत्र पाठवून मला बोलावलं आहे. पत्र कुठाय, असं तिने विचारलंसुद्धा नाही. लगेच म्हणाली, “मंग तू खिडकीत बस गं, तुला बस लागते.” मामाला तिने रात्रीच निरोप धाडला. त्याने पॅंट शिवायला टाकली होती.

ता. क. ३. तेव्हा मला तसं पत्र पाठव. नसेल पाठवायचं तर तेही कळव. मी स्वतः जाऊन तुझ्या आईला खरं सांगेन आणि मामाची माफी मागेन. रागाने काही लिहिलंस तरी चालेल, कोरं ठेवू नकोस. आणि पासाच्या अर्जात माझं नाव घातलंस तर सुरभी सहदेव बडेकर असं पूर्ण लिही. पुढे ‘प्रशिक्षणार्थीशी नातं’ असा एक रकाना असतो. मी आजवर गावातल्या कितीतरी जणांचे असे रकाने भरून दिले, या एकात काय लिहायचं ते मला कळत नाही. तो तू भर.