बाबांचा दुधाचा नेम

पंचवटी, नाशिक

प्रिय ताई,

फोन असताना पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुला पाकीट बघूनच कळलं असेल. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि मला गप्प बसायला तेवढं निमित्त पुरतं. कागद मध्ये रडत नाही, म्हणून कागद.

आधी बाबांची खबर. चालणं आता जवळजवळ बंद आहे. माझ्या आणि आशाच्या खांद्यांना धरून न्हाणीघरापर्यंत जातात, पण पाय कुठे पडतोय ते त्यांना खाली बघितल्याशिवाय कळत नाही. ‘कापसावरून चालल्यासारखं वाटतं,’ असं पूर्वी म्हणायचे. आता तेही म्हणत नाहीत. एक दिवसाआड इंजेक्शन देऊन झाली, आता महिन्याला एक. डॉक्टर म्हणाले, यापुढे बिघडणार नाही कदाचित, पण गेलं ते गेलं. मी विचारलं, किती टक्के परत येईल? रोज डॉक्टरांच्या दारात औषधांची बॅग घेऊन उभा राहणारा माणूस असा प्रश्न विचारतो, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

तुला आठवतात तेव्हाचे बाबा वेगळे होते. रामकुंडावर गोविंदगुरुजी म्हटलं की यजमानाने नुसतं गाव सांगायचं. वंशावळीची चोपडी न उघडता बाबा त्याच्या आजोबा-पणजोबांची नावं सांगायचे. मागच्या वर्षी एका दशक्रियेत संकल्प सांगताना ते मध्येच थांबले आणि यजमानालाच विचारलं, ‘आज आपण कोणाचं करतोय?’ लोक हसले. मीही घरी येऊन ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून चेष्टा केली. बाबा हसले नाहीत, आपली बोटं चोळत बसले. बोटांना मुंग्या येत होत्या, हे त्यांनी पुढे दोन महिन्यांनी सांगितलं.

नेमाचं तुला आशाने सांगितलं, ते बरंच झालं. मला बाबांनी शपथ घातली होती. पण तिलाही अर्धंच ठाऊक आहे. आईला अग्नी तू देणार म्हणालीस आणि बाबांनी अमरधामात चारचौघांत तुला मागे सारलं. दहाव्याला तू कुंडावरून परस्पर बस गाठलीस, बंगळूरला गेलीस, त्याला आठ वर्षं झाली. त्या संध्याकाळी आशाने त्यांना ताक दिलं, तर त्यांनी वाटी बाजूला केली. म्हणाले, इरा या उंबरठ्याच्या आत येईपर्यंत दूध, दही, ताक, तूप बंद. मला वाटलं, चार दिवसांचा राग. पण तो राग नव्हता ग. पुढच्याच वर्षापासून घाटावर कुणाची मुलगी पुढे आली, तर बाबा तिच्या हातून पाणी सोडवायला लागले. बाकीचे गुरुजी कुजबुजायचे. बाबा म्हणायचे, ‘माझ्या घरात चुकलं, ते घाटावर कशाला चुकवू?’ हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. तुम्ही दोघंही हट्टी, आणि मी मधल्या मध्ये शहाणा.

पंचामृत हातावर घेतलं तरी ते डोळ्यांना लावायचे, ओठांना नाही. वरणभात कोरडा, पोळी तेलाची. मखमलाबादहून कुसाबाई रोज भाजी घेऊन येते ना, तिला नेम कळल्यापासून ती मेथी, पालक, शेपू जरा जास्तच टाकायची. ‘गुरुजी, दूध नाय तर नाय, पाल्यात लय ताकद हाय,’ म्हणायची. आम्हीही तेच धरून बसलो. बाबांच्या ताटात इतकं हिरवं असायचं की कुणाला वाटावं, हा माणूस शंभरी गाठणार. पण ताई, पालेभाजीत बी-ट्वेल्व्ह नसतं. डोंगराएवढी मेथी खाल्ली तरी नसतं. अंडं-मासे आपल्या घरात नाहीत. आपल्यासारख्यांना ते मिळतं ते दूध-दह्यातूनच, आणि बाबांनी तेवढंच सोडलं होतं.

हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. मी सहा वर्षं हेच विकतोय. पिंपळगाव, वणी, इगतपुरी, जिथे जाईन तिथे डॉक्टरांसमोर उभं राहून एका दमात म्हणतो: शाकाहारी रुग्ण, हातापायांना मुंग्या, लाल गुळगुळीत जीभ, तोल जाणं, विसराळूपणा. झोपेतही म्हणून दाखवीन. आणि घरी बाबा तिखट लागतंय म्हणून भाजी धुऊन खात होते, जीभ लाल झाली होती आणि मी शेजारी बसून जेवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी बघितलाय.

परवाचं सांगतो. तू येणार असं कळवलंस, म्हणून आशाला हुरूप आला. तिने दूध गरम केलं, साखर घातली, पेला बाबांच्या हाताशी ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, इराताई येतायत. आता नेम सुटला, घ्या.’ बाबांनी मला विचारलं, ‘इरा कोण?’ मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आशाने पेला पुन्हा पुढे केला, तर तो त्यांनी हातानेच सरकवला. म्हणाले, ‘नको सूनबाई. माझा नेम आहे.’ कशाचा, विचारलं, तर खूप वेळ आठवत राहिले. ‘आठवत नाही. पण मोडायचा नाही.’ आशा आत जाऊन रडली. मी ते दूध पिऊन टाकलं, काय करू, तापवलेलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू मेसेजमध्ये लिहिलंस, ‘बाबांना जिवंतपणी मी मारलं, माझ्यासाठी सोडलेल्या दुधाने मारलं.’ मी तो वाचला आणि तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तू तसं समजणं माझ्या सोयीचं होतं. चार वर्षांपूर्वी बाबांना धाप लागायची, हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं. मी बॅगेतून बी-ट्वेल्व्हची कॅप्सूल काढून दिली. त्यांनी विचारलं, वरचं टोपण कशाचं? मी हसत सांगितलं, जिलेटिनचं, जनावराची हाडं-कातडी उकळून करतात. चेष्टेचा मोह आवरला नाही. ते उठले, हात धुतले, आंघोळ करून आले. इंजेक्शनला टोपण नसतं, हे मला माहीत होतं. पण वाद घालायचा कंटाळा आला, वणीचा दौरा होता, आणि मी त्यांना फॉलिक ॲसिडच्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. कुणाला न विचारता, चार वर्षं, माझ्याच हाताने. हिमोग्लोबिन बारावर गेलं. मी आशाला रिपोर्ट दाखवून मिरवलं. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं आणि आत मज्जारज्जू झिजत राहतो, वरून काही कळत नाही. हे माझ्याच बॅगेतल्या माहितीपत्रकात तिसऱ्या ओळीत छापलंय. धाप तशीच राहिली असती तर कुणीतरी वेळेत तपासलं असतं. डॉक्टरांना मी गोळ्यांचं सांगितलं, आशाला अजून नाही. तुझ्यासाठी सोडलेलं दूध महिन्याच्या एका इंजेक्शनने भरून निघालं असतं, ताई. ते मी दिलं नाही. तू ये. ते तुला ओळखणार नाहीत, तू आलीस हे सांगूनही नेम सोडणार नाहीत, आणि आता दूध प्यायले तरी पाय परत येणार नाहीत. तरी उंबरठ्याच्या आत ये. त्यांनी वाट बघितली होती, हे आठवणारा आता मी एकटाच उरलोय, आणि मला ते एकट्याने पेलवत नाही.

तुझाच,
यशोधन